वाचक विचारतात : चौकटीवरचा गणपती कापणारी थीम

प्रश्न : मी नाशिकमधून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका. लहानपण तिवंध्याजवळच्या वाड्यात गेलं. वाडा राहिला नाही, म्हणून जुन्या नाशकातल्या वाड्यांवर ब्लॉग लिहायचं मनात आहे. भाच्याने डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घेऊन त्यावर ब्लॉग चालवणारं वर्डप्रेस बसवून दिलंय. काही लेख तयार आहेत, फोटो माझ्याच फोनवर काढलेत. घोडं अडलंय ते थीमपाशी, म्हणजे ब्लॉगच्या तयार रूपरंगापाशी. तीन निवडल्या आहेत. पहिली काळी, पडदाभर फोटो आपोआप सरकत राहणारी, ती भाच्याची. दुसरी वर्तमानपत्रासारखी, चौकटी-चौकटींची. ती मला आवडते. तिसरी पांढरी, साधी. यजमान म्हणतात हीच घे, मला ती कोरी वही वाटते. तिन्हींचे दुवे, एक लेख आणि काही फोटो सोबत पाठवते. दहापैकी गुण द्या आणि कशाचे दिले तेही सांगा.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : बाई, निकाल आधी : पहिलीला तीन, दुसरीला पाच, तिसरीला साडेसात. यजमानांना एवढ्यात सांगू नका, आधी पुढचं वाचा, कारण तिसरीतही दुरुस्त्या आहेत.

हे गुण मी दुकानातल्या नमुन्याला दिलेले नाहीत. थीमच्या नमुन्यात बर्फाचे डोंगर असतात, लाकडी टेबलावर कॉफीचा कप असतो आणि दोन-तीन शब्दांचं इंग्रजी शीर्षक असतं. त्यात कुठलीही थीम देखणी दिसते. तुमच्या लेखाचं शीर्षक आहे ‘दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आमच्या वाड्यात काय काय हलवायचे’ (हा मारुती गोदावरीच्या पात्रातला, नाशिककर त्याच्यावरून पूर मोजतात). ते पहिल्या थीममध्ये घालून मी साध्या फोनवर उघडलं, तर शीर्षकानेच अख्खा पडदा खाल्ला. मजकूर लागायला दोनदा बोट ओढावं लागलं. आता शीर्षक छोटं करा असं मी सांगणार नाही. शीर्षक उत्तम आहे, थीमला ते पेलत नाही.

तुम्हीही अशीच परीक्षा घ्या. थीम इन्स्टॉल करा, पण लगेच अ‍ॅक्टिव्हेट करू नका. ‘लाइव्ह प्रिव्ह्यू’ दाबा, म्हणजे तुमचेच लेख, तुमचेच फोटो त्या थीममध्ये कसे दिसतील ते दिसतं आणि बाहेरच्या कुणाला पत्ता लागत नाही. सगळ्यात लांब लेख आणि सगळ्यात वाकडा फोटो आधी घाला.

दुसरं, तुम्ही तिन्ही थीम मुखपृष्ठावरून निवडल्यात. सगळेच तसं करतात. पण तुमचा वाचक येणार कुठून? वाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडकरूंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. तो दुवा दाबतो आणि थेट लेखात उतरतो. मुखपृष्ठ त्याला दिसतही नाही. म्हणून लेखाचं पान आधी बघायचं. ओळी किती रुंद आहेत? संगणकावर एका ओळीत दहा-बारा शब्द मला बरे वाटतात. त्याहून लांब ओळ झाली की पुढची ओळ शोधताना डोळा चुकतो. लेख संपल्यावर काय येतं? दुसऱ्या थीममध्ये लेखाखाली एकदम बारा चौकटी येतात आणि प्रतिक्रियेची जागा त्यांच्याही खाली. तुमच्या ब्लॉगचा खरा खजिना प्रतिक्रियांतच साठणार आहे. ‘आमचं बिऱ्हाड माडीवर होतं, जिन्याखाली बंब असायचा’ असं कुणी लिहायला गेलं तर ती जागा चटकन सापडायला हवी. पाच गुणांमधली कपात मुख्यतः तिथे झाली. शिवाय संगणकावर उजवीकडे दिसणारी पट्टी फोनवर तळाशी जाते, हे चौकटीवाल्या थीमच्या नमुन्यात कळत नाही.

आता मराठीचं. थीम बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा रोमन अक्षर असतं आणि आपलं अक्षर त्यात कुठे ना कुठे अडखळतं. मी बरीच वर्षं छापखान्यासाठी पानं लावली, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. तुमच्या पहिल्या थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांत अंतर सोडलंय. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं. मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि ‘मारुती’ हा एक शब्द न राहता सुटी अक्षरं होतात. तिसऱ्या थीममध्ये ओळींमधलं अंतर कमी आहे. तुमच्या लेखात ‘दुतोंड्या’ आणि ‘सर्व’ हे शब्द वर-खाली आले, तिथे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर टेकला. इंग्रजीला अक्षराच्या दीडपट ओळ पुरते; मराठीला १.७ किंवा १.८ पट ठेवा. अक्षराचा आकार १६ पिक्सेल असतो, तो १८ किंवा १९ करा, कारण वेलांट्या-मात्रांना जागा देता देता मूळ अक्षर बारीक दिसतं. लेखाचं पहिलं अक्षर अवाढव्य करण्याची सोय असते, ती बंदच ठेवा. लेख ‘स्वयंपाकघर’ने सुरू झाला तर काही ब्राउझर त्या जोडाक्षराची मोडतोड करतात. आणि तिरप्या अक्षरांचा मोह नको. देवनागरीत ती बहुधा खरी तिरपी नसतात, सरळ अक्षर ढकलून पाडलेलं असतं.

फॉन्टचं एक गुपित सांगते. थीमच्या पाटीवर मोठ्या नावाचा फॉन्ट लिहिलेला असतो, पण त्यात देवनागरी नसेल तर प्रत्येक यंत्र आपापला फॉन्ट वापरतं : अँड्रॉइड फोनवर नोटो, विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर. म्हणजे तुम्हाला, भाच्याला आणि अमेरिकेतल्या पुतणीला तीन वेगळी पानं दिसणार. त्यापेक्षा फॉन्ट आपण द्यावा. वर्डप्रेसच्या ६.५ आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२४पासून, ब्लॉक थीममध्ये, म्हणजे पानाचा प्रत्येक तुकडा (ब्लॉक) आपल्याला बदलता येतो अशा थीममध्ये, फॉन्ट लायब्ररी आहे. तिथून गुगलचे फॉन्ट थेट आपल्या साइटवर बसवता येतात. मजकुराला मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ स्वच्छ आहे. पुस्तकी वळण हवं असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या. त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या पाठ्यपुस्तकातले आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. मराठीच्या बाईंना हे मी सांगायला नको. एक मात्र करा, सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी ठेवा. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, त्याला कुठलं दाखवायचं ते त्यावरून कळतं.

फोटोंवर जरा जास्त बोलते, कारण या ब्लॉगचा अर्धा जीव तिथे आहे. वाड्याचा दरवाजा उंच असतो, म्हणून तुमचे बहुतेक फोटो उभे आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण दुसऱ्या थीममधली प्रत्येक चौकट आडवी आहे. ती उभ्या फोटोचा मधला पट्टा ठेवते आणि वरखालचं छाटते. सराफ बाजाराकडच्या त्या दरवाजाचं काय झालं ते बघा : कड्या आणि कुलूप राहिलं, चौकटीवरचा गणपती गेला, खाली उंबरा गेला. गणेशपट्टीवर दोन परिच्छेद लिहायचे आणि फोटोत गणपतीच नाही! अशी थीम कितीही सुंदर असो, वाड्यांच्या ब्लॉगला कुचकामी. ब्लॉक थीम असेल तर मुख्य फोटोच्या ब्लॉकवर जाऊन प्रमाण ‘ओरिजिनल’ करता येतं. तिसऱ्या थीममध्ये मी ते करून पाहिलं, गणपती परत आला. दुसरीत ती सोय मला सापडली नाही.

पहिल्या थीमचे सरकते फोटो तर पूर्ण बादच. आपोआप सरकणारं चित्र कुणी थांबून बघत नाही, आणि पाच मोठे फोटो उतरेपर्यंत सिटीलिंकच्या बसमध्ये बसलेला वाचक पुढच्या मेसेजवर गेलेला असतो. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गुगलचं माप आहे. गुगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साइटवर दुवा टाकलात की फुकट तपासून मिळतं. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. वर्डप्रेस फार मोठा फोटो २५६० पिक्सेलपर्यंत आणतं, पण चढवण्याआधी तुम्हीच १६०० पिक्सेल रुंदीचा करून घेतलात तर साइटवरची जागाही वाचेल.

तुमच्या वाचकाला तारखेशी काही देणंघेणं नाही. तो ‘भद्रकाली’, ‘दहीपूल’, ‘पंचवटी’ असं शोधणार. म्हणून भागवार वर्गवारी करा आणि ती मेनूत ठेवा. थीममध्ये वर्गवारीचं पान कसं दिसतं तेही उघडून पाहा. पुष्कळ थीममध्ये त्या पानाकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नसतं.

थीमशी संबंध नाही, पण राहवत नाही म्हणून : लेखाचा पत्ता मराठीत ठेवू नका. वर्डप्रेस तो २०० खुणांत बसवतं आणि देवनागरीतली प्रत्येक खूण, काना-मात्रासुद्धा, त्यात नऊ जागा खाते. तुमच्या त्या शीर्षकाचा पत्ता ‘दुतोंड्या-मारुतीच्या-छात’ इथेच संपतो. शिवाय पुढे पाठवताना तो टक्क्यांच्या चिन्हांचा भलामोठा गुंता होऊन जातो. रोमन लिपीत दोन-तीन शब्द द्या.

तेव्हा तिसरी घ्या, वरच्या दुरुस्त्या करा, आणि कोरी वाटते म्हणून नक्षी चढवू नका. तुमच्या फोटोंत नक्षी पुष्कळ आहे. ही तिसरी थीमही नकोशी झाली तर वर्डप्रेसबरोबर येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह लावून बघा. थीम बदलल्याने लेख जात नाहीत, फार तर मेनू आणि पट्ट्या पुन्हा लावाव्या लागतात. अट एकच : थीमसोबत येणाऱ्या खास बटणांनी आणि सजावटींनी लेख मढवू नका. थीम गेली की त्यांच्या जागी चौकोनी कंसांतला कचरा उरतो.

प्रश्न : एका मित्राने पैसे देऊन मिळणारी थीम पेनड्राइव्हवर फुकट दिली आहे. वापरू का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नको. वर्डप्रेसच्या बहुतेक थीमचा परवाना जीपीएल, म्हणजे प्रत काढायची मुभा देणारा, असतो; त्यामुळे त्या कोडची प्रत काढणं हा गुन्हा नाही. मित्रावर रागावू नका. पण ती फाइल किती हातांतून फिरून आली आणि वाटेत कुणी काय घुसडलं, हे तुम्हाला आणि त्यालाही माहीत नाही. अशा थीमच्या पोटात लपवलेला कोड निघतो आणि एक दिवस तुमच्या लेखाखाली जुगाराच्या साइटचे दुवे दिसू लागतात, तेही बरेचदा फक्त गुगलला, तुम्हाला नाही. शिवाय अशा थीमला अपडेट मिळत नाहीत. वर्डप्रेसच्या स्वतःच्या संग्रहातली फुकट थीम घ्या. तिथे थीम तपासून मगच ठेवतात. घेताना ‘शेवटचं अपडेट’ ही तारीख बघा. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ हात न लागलेल्या थीमवर तशी सूचनाच दिलेली असते.

प्रश्न : माझा द्राक्षबागेवरचा ब्लॉग आहे. थीम सगळ्यांना आवडते, पण वडील म्हणतात वाचता येत नाही. चष्म्याचा नंबर नुकताच तपासलाय.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : चष्म्याचा दोष नाही. तुमचा मजकूर पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात आहे. सुगम्यतेच्या जागतिक नियमांप्रमाणे साध्या मजकुराचा उठाव पार्श्वभूमीच्या तुलनेत किमान ४.५ला १ हवा. तुमचा ९९९९९९ क्रमांकाचा राखाडी जेमतेम २.८ला १ भरतो. ७६७६७६ क्रमांकाचा राखाडी कसाबसा पास होतो, पण बागेत उन्हात फोन धरणाऱ्याला तोही पुरणार नाही. त्याहून गडद, जवळजवळ काळाच घ्या. थीम बदलायची गरज नाही : एडिटर, स्टाइल्स, कलर्स, तिथे मजकुराचा रंग बदला आणि बदललेलं पान वडिलांच्याच फोनवर उघडा.