चिठ्ठी जुनी आहे म्हणून खडा लेडहिलाइट ठरत नाही

तुमचा प्रश्न असा आहे: जळगावचं ॲपोफिलाइट हे खनिज देऊन बदल्यात एका परदेशी संग्राहकाकडून पांढऱ्या स्फटिकांचा एक नमुना घेतला. सोबतच्या चिठ्ठीवर 'लेडहिलाइट, लेडहिल्स, स्कॉटलंड' असं लिहिलंय. (लेडहिलाइट हे शिशाचं खनिज, त्यात सल्फेट आणि कार्बोनेट दोन्ही असतात.) तो खरा आहे का, आणि विकला तर किती येतील? पुढे तुम्हीच म्हणता की चिठ्ठी पिवळी पडलेली, टाकाने लिहिलेली आहे, तेव्हा खोटी असायचं कारण नाही.

पैशांचं नंतर. या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे. याच खनिजाच्या अशाच जुन्या चिठ्ठीवरून मी भांडलेली आहे, आणि त्या भांडणात माझी बाजू बरोबर होती.

मी एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. विभागात इंग्रजांच्या काळी विलायतेहून मागवलेला खनिजांचा संच होता: सागवानी ट्रे, तळाला कापूस, प्रत्येक नमुन्याला लेबल. शिशाच्या खनिजांच्या ट्रेमध्ये एकावर लेडहिलाइट असं लिहिलेलं. विभागप्रमुख सरांचा त्यावर फार जीव. कोणी पाहुणे आले, कसली समिती आली, की किल्ली काढून आधी तो नमुना दाखवायचे.

खनिज तसं मिरवण्यासारखं आहेच. लेडहिल्स हे दक्षिण स्कॉटलंडच्या डोंगरातलं खाणकामगारांचं गाव. तिथल्या कामगारांनी १७४१ साली स्वतःचं वाचनालय काढलं होतं. तिथल्या शिशाच्या शिरांच्या वरच्या भागात गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड, कुजून जी खनिजं तयार झाली, त्यांतली लेडहिलाइट, सुझानाइट, लॅनार्काइट आणि कॅलेडोनाइट जगाला पहिल्यांदा तिथूनच माहीत झाली. ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने १८२० मध्ये लेडहिलाइटचं पृथक्करण दिलं तेव्हा त्यात एका सल्फेटला तीन कार्बोनेट धरले होते. प्रत्यक्षात दोनच आहेत, जोडीला हायड्रॉक्सिल. लेडहिलाइट हे नाव बूदां या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये दिलं.

तर त्या नमुन्याकडे मी भिंगातून पाहिलं आणि पटेना. लेडहिलाइटला एकाच दिशेने अगदी सफाईदार पाटन असतं, म्हणजे तो त्या दिशेने सपाट फुटतो, आणि त्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक. इतर पृष्ठांवर राळेसारखी किंवा हिऱ्यासारखी. स्फटिक बहुधा पातळ चकत्यांचे, षट्कोणी वाटणारे. मूळ रचना एकनताक्ष, म्हणजे स्फटिकाच्या अक्षांतला एक कोन तिरका, पण तो ९०° च्या इतका जवळ की डोळ्याला फरक कळत नाही. आमच्या नमुन्यात मोत्याची चमक कुठेच नव्हती. तुटलेली कड शंखासारखी वळणदार होती, आणि दोन स्फटिक एकमेकांत घुसून कोन करून बसलेले, अंगावर बारीक खाचा. हे सगळं सेरुसाइटचं लक्षण, म्हणजे शिशाच्या साध्या कार्बोनेटचं.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मॅडम, हे लेबल तुमच्या-माझ्या जन्माच्या आधीचं आहे."

मी म्हटलं, परीक्षा करू. कापसात पडलेला कण घेऊन कुटला. सरांनी स्वतः बाटली उचलली, ती होती हायड्रोक्लोरिक आम्लाची, कॅल्साइटसाठी नेहमी टेबलावर असते ती. कण मंदपणे फसफसला आणि परीक्षानळीच्या तळाशी पांढरा साका राहिला. "बघा, कार्बोनेट गेलं, सल्फेट राहिलं. लेडहिलाइट!" सर वर्गासमोर हे बोलले.

आता इथे थांबून समजून घ्या, कारण तुम्हीही हेच करायला जाल. शिसं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र आलं की लेड क्लोराइड तयार होतं, आणि ते थंड पाण्यात फारसं विरघळत नाही. सेरुसाइट घाला, लेडहिलाइट घाला, पांढरा साका दोन्हींत दिसणार. त्याने काहीच सिद्ध होत नाही. मी नळीत भरपूर पाणी घातलं आणि बर्नरवर धरली. उकळी येता येता साका नाहीसा झाला, पाणी नितळ. मग नळी स्टँडला लावून गार होऊ दिली, तशा तिच्यात पांढऱ्या लखलखीत सुया तयार होऊन एकेक खाली उतरू लागल्या. ते लेड क्लोराइड. सल्फेट असतं तर उकळत्या पाण्यातही जागचं हललं नसतं. नंतर दुसऱ्या कणावर विरल नायट्रिक आम्ल घातलं. फसफसून सगळा कण विरघळला, तळाशी कणभरही काही उरलं नाही. म्हणजे सेरुसाइट.

सर म्हणाले, कापसातला कण दुसऱ्याच नमुन्याचा असेल. मग मी त्यांच्यासमोर त्याच नमुन्याच्या खालच्या बाजूने टोकाने कण काढला, पुन्हा तेच झालं. त्यावर उत्तर आलं की विलायतेतल्या तज्ज्ञांनी लिहिलेलं खोडायचा आपल्याला अधिकार नाही. निदान शेजारी दुसरी चिठ्ठी ठेवू द्या म्हटलं, तेही नको. कित्येक वर्षं मुलं त्या ट्रेसमोर उभी राहून सेरुसाइटकडे बघत लेडहिलाइटची लक्षणं पाठ करत होती. याचा मला आजही राग येतो. चुकीचा नमुना दाखवून शिकवलेली चमक मुलाच्या डोळ्यात कायमची चुकीची बसते.

तेव्हा तुमच्या खड्याकडे चिठ्ठी बाजूला ठेवून बघा. तुम्ही ॲपोफिलाइट हाताळता, म्हणजे पाटनावरची मोत्याची चमक तुम्हाला ओळखीची आहे. तीच इथे शोधा, फक्त वजन एकदम वेगळं लागेल: ॲपोफिलाइटचं वि. गु. (विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड) सुमारे २.३५, याचं ६.५५. मात्र वजनावर तेवढाच भरवसा ठेवा. सेरुसाइटचंही वि. गु. साधारण ६.५५ च आहे. अँगलसाइटचं, म्हणजे शिशाच्या साध्या सल्फेटचं, ६.३८, घरच्या काट्यावर तो फरक निघणं कठीण. अतिनील दिव्याच्याही नादी लागू नका. लेडहिलाइट पिवळसर चमकू शकतो, सेरुसाइट तर बऱ्याचदा चमकतो. कठिनतेने थोडी मदत होते: लेडहिलाइट २.५ ते ३, सेरुसाइट ३ ते ३.५, पण चांगला स्फटिक ओरबाडून हे ठरवू नये असं माझं मत आहे.

खरी कसोटी विरल नायट्रिकचीच. अँगलसाइट फसफसत नाही. सेरुसाइट फसफसून पूर्ण विरघळतो. लेडहिलाइट फसफसतो आणि मागे पांढरं लेड सल्फेट ठेवतो. सूत्रावरून हिशेब केला तर वजनाच्या सुमारे २८ टक्के सल्फेट असतं, म्हणजे तळाशी स्पष्ट दिसेल इतकं. आम्लात ते किंचित विरघळतं, म्हणून आम्ल ओतत सुटू नका, थेंबांनी घाला. कण पूर्ण स्फटिकाचा घ्या, खालच्या दगडाचा नको.

आणखी एक खूण म्हणजे गरम पाण्यात लेडहिलाइटचे पापुद्रे सुटतात. म्हणून नमुना धुवायचा मोह झाला तर गरम पाणी अजिबात वापरू नका.

एवढं सगळं जमलं तरी एक पेच राहतो. सुझानाइटचं रासायनिक सूत्र अगदी तेच आहे, फक्त स्फटिकाची रचना वेगळी, त्रिकोणीय. लेडहिलाइट सुमारे ८०° से. च्या वर तापवला की सुझानाइटची रचना घेतो आणि थंड झाल्यावर परत येतो. तिसरं भावंड मॅकफर्सनाइट, समचतुर्भुजी, ते १९८४ मध्ये वर्णिलं गेलं, तेही लेडहिल्सच्या नमुन्यांवरून. नायट्रिक आम्ल या तिघांत फरक करू शकत नाही. पाटनाचा पापुद्रा ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर लेडहिलाइट द्विअक्षीय दिसतो, दोन प्रकाशीय अक्षांतला कोन जेमतेम १०°, आणि सुझानाइट एकाक्षीय. कोणत्याही भूशास्त्र विभागात हे यंत्र असतं, विनंती केली तर बघू देतात. पक्का निकाल हवा असेल तर क्ष-किरण विवर्तन किंवा रामन वर्णपट या तपासण्या करून घ्या, विद्यापीठांत होतं.

हेही सांगायला हवं की एकाच नमुन्यावर लेडहिलाइट आणि सेरुसाइट शेजारी शेजारी असू शकतात, आणि लेडहिलाइटच्या आकारात नंतर सेरुसाइट भरल्याचीही उदाहरणं आहेत. तेव्हा एका कणावरून अख्खा नमुना खोटा ठरवू नका, दोन-तीन जागचे कण बघा. आमच्या ट्रेतल्या नमुन्याला ही सवलत लागू नव्हती, तो आकारानेही सेरुसाइटच होता.

नायट्रिक आम्ल कपड्यांवर, डोळ्यांत जाऊ देऊ नका, चष्मा लावा. कुटलेली पूड म्हणजे शिसं आहे, स्वयंपाकघरात हे करू नका, हात साबणाने धुवा, पाणी मोरीत ओतू नका.

आता पैसे. ओळख पटल्याशिवाय आकडा बोलण्यात अर्थ नाही. पटली तर स्वच्छ चकती, न तुटलेली कड आणि लेडहिल्सचं ठिकाण यांवर भाव ठरतो. सेरुसाइट निघाला तरी जुनी चिठ्ठी फेकू नका, ठिकाण खरं असू शकतं. तिच्या शेजारी दुसरी ठेवा: कोणती परीक्षा केली, कोणी केली, कधी केली, काय निघालं. आणि ज्याने बदल्यात दिला त्याला हा निकाल सरळ लिहून कळवा. नमुना बदलून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, संकोच करू नका.