‘फक्त पाच मिनिटे’ म्हणजे नेमकी किती?

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर मित्रांसोबत ऑनलाइन गेम खेळतो. थांबायला सांगितले की ‘फक्त पाच मिनिटे’ म्हणतो आणि पाच मिनिटांनी फोन काढून घेतला की आदळआपट करतो. त्याच्या वर्गशिक्षिका याला व्यसन म्हणतात. ते खरे मानावे का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे जे आजारांचे अकरावे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले, त्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे हे खरे. परंतु खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे हे साधारणपणे किमान १२ महिने चालावे व त्याने घर, शिक्षण, नातीगोती यांवर गंभीर परिणाम व्हावा, अशी त्याची व्याख्या आहे. रोज किती तास खेळले म्हणजे आजार, असा आकडा तिच्यात नाही.

आदळआपटीचे कारण बहुधा खेळाच्या रचनेत सापडेल. एकट्याने खेळायचा गेम सहसा मध्येच थांबवता येतो. ऑनलाइन सामना मात्र कुणा एकासाठी थांबत नाही. मुलगा मध्येच बाहेर पडला तर त्याचा संघ एका गड्याने उणा होतो, त्याचे गुण जाऊ शकतात आणि मित्रांची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. म्हणून मिनिटे मोजण्याऐवजी सामने मोजावेत. एक सामना साधारण किती वेळ चालतो हे त्यालाच विचारावे, त्यावरून किती सामने खेळायचे ते आधी ठरवावे आणि शेवटचा संपल्यावर नवा सुरू करू देऊ नये. तिथे मात्र सवलत नको. एखादा सामना स्वतः खेळून पाहिलात तर उत्तम. हराल, पण मुले अशा वेळी फार मनापासून शिकवतात.

रोज हजेरी लावली तरच मिळणारी बक्षिसे आणि पैसे मोजूनही आत काय निघेल ते आधी न कळणारे ‘लूट बॉक्स’ यांच्याबाबतीत मी इतकी उदार नाही. असे काही लूट बॉक्स बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये जुगारच ठरवले. गेमच्या सूचना बंद ठेवाव्यात आणि खरेदीचा पासवर्ड आपल्यापाशीच असावा.

शिक्षिकांना ‘व्यसन’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवून वर्गात काय दिसते ते सांगण्याची विनंती करावी : तो पेंगतो का, मधल्या सुट्टीत मित्रांत मिसळतो का, गृहपाठ कधीपासून अपुरा राहू लागला. झोप, अभ्यास आणि मैत्री या तिन्हींत महिनोन्‌महिने घसरण दिसत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना अवश्य भेटावे.