बालविभाग : मिळून काय करावं, ज्याचं त्याने काय करावं

या वेळी सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथपालांकडून आलेले प्रश्न घेतले आहेत. बालविभागापुरतं शेजारच्या ग्रंथालयांशी जमवून घ्यायचं, तर नेमकं कुठपर्यंत, असा बहुतेकांचा रोख आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यात सात ग्रंथालयं आहेत. वाचन प्रेरणा दिनाला सातही ठिकाणी कथाकथन असतं. कथाकथनकार एकच आणि तो तिघांना हवा. जून ते सप्टेंबर मात्र मुलांसाठी कुठेच काही नसतं. एकत्र वेळापत्रक करायचा प्रयत्न दोनदा फसला. (ग्रंथपाल, 'ब' वर्ग तालुका ग्रंथालय)

उत्तर : अशी वेळापत्रकं फसतात, कारण त्यात सगळंच कोंबलेलं असतं. सात ग्रंथालयांचा प्रत्येक उपक्रम एका तक्त्यात बसवायला गेलं की दुसऱ्या महिन्यापासून तक्ता कुणी भरत नाही. एकत्र ठरवायच्या गोष्टी तीनच ठेवा : बाहेरून येणारा पाहुणा, शाळांना जाणारं पत्र आणि ठरलेले दिवस. गोष्टीचा तास, चित्रकला, बुद्धिबळ हे ज्याचं त्याने बघावं.

वर्षाला दोन बैठका पुरतात. एक मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, कारण तेव्हा उन्हाळी सुट्टी आणि जूनची शाळा दोन्हींचा विचार करता येतो. दुसरी सप्टेंबरच्या सुरुवातीला. दीड तासाच्या वर बैठक नेऊ नका. येताना प्रत्येकाने चार गोष्टी लिहून आणायच्या : गावातल्या शाळांच्या परीक्षा, आठवडी बाजाराचा वार, जत्रा किंवा उरूस आणि आपल्या ग्रंथालयाची साप्ताहिक सुट्टी. हे दिवस आधी काट मारून घेतले की उरलेल्यांवर फारसा वाद होत नाही.

ठरलेल्या दिवसांचं बघा. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, सगळ्यांची झुंबड, पण त्याच सुमाराला बऱ्याच शाळांत सत्र परीक्षा असते आणि कधी नवरात्रही. 14 नोव्हेंबर काही वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. 23 एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनाला, मुलं परीक्षेत अडकलेली असू शकतात. याउलट 12 ऑगस्टचा ग्रंथपाल दिन तुमच्या नेमक्या रिकाम्या महिन्यांत येतो, शाळा चालू असते, आणि त्या दिवसासाठी कुणी भांडत नाही. दोन ग्रंथालयांनी आपला वर्षाचा मोठा कार्यक्रम तिकडे न्यावा. साने गुरुजी जयंतीचा 24 डिसेंबरही असाच मोकळा दिवस. नियम एवढाच करा की एका दिवशी दोनच ठिकाणी कार्यक्रम, बाकीच्यांनी पुस्तकं मांडायची.

कथाकथनकाराला एकाच दिवशी दोन गावं द्या, सकाळी दहा आणि दुपारी चार. प्रवासखर्च निम्मानिम्मा. मानधनाची पावती मात्र प्रत्येक ग्रंथालयाच्या नावे वेगळी घ्या. एकाने पूर्ण रक्कम देऊन दुसऱ्याकडून रोख परत घेतली, तर लेखापरीक्षणात दोघांनाही उत्तर द्यावं लागतं.

शाळांना सात पत्रं जाऊ देऊ नका. सगळ्यांच्या सह्यांचं एकच पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, प्रत केंद्रप्रमुखांना. जिथे शनिवारी सकाळची शाळा असते तिथे मुलं जेवून चारपर्यंत मोकळी असतात. गोष्टीच्या तासाला याहून चांगली वेळ नाही. रविवारी सकाळचा हट्ट सोडा.

समन्वयक दरवर्षी बदला आणि पहिल्या वर्षी तो सगळ्यात मोठ्या ग्रंथालयाचा नसावा. नाहीतर बाकीचे स्वतःला पाहुणे समजू लागतात. तक्त्यात बदल करायचा अधिकार फक्त समन्वयकाला. इतरांनी दर महिन्याच्या 25 तारखेपर्यंत त्याला कळवायचं. व्हॉट्सॲप गटावर ठरलेल्या तारखा शुभेच्छांखाली गाडल्या जातात, म्हणून दर महिन्याचा तक्ता छापून देवघेवीच्या टेबलामागे लावा.

प्रश्न : पाच ग्रंथालयांनी मिळून बालपुस्तकांच्या फिरत्या पेट्या करायचं ठरवलं आहे. पेटीत किती पुस्तकं असावीत? हरवलं तर भरपाई कुणी द्यायची? आमचे अध्यक्ष म्हणतात, अनुदानातून घेतलेलं पुस्तक बाहेर गेलं तर तपासणीत अडचण येईल. (ग्रंथपाल, 'क' वर्ग ग्रंथालय)

उत्तर : कल्पना जुनी आणि चांगली आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून जी ग्रंथालय व्यवस्था उभी केली, तिच्यात खेड्यांत जाणाऱ्या लाकडी पेट्या होत्या. आपल्याकडे पेट्या बंद पडतात त्या पुस्तकांअभावी नव्हे, नोंदींच्या घोळामुळे. म्हणून अध्यक्षांच्या शंकेपासून सुरुवात करू.

पुस्तक ज्याच्या पैशाने घेतलं त्याच्याच दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहायच्या वहीत, राहतं. घेणाऱ्या ग्रंथालयाने ते आपल्या दाखल नोंदवहीत चढवायचं नाही. चढवलं तर एकच पुस्तक दोन ग्रंथसंग्रहांत मोजलं जातं, आणि खरी अडचण तिथे येते. दोघांनीही एक वेगळी वही ठेवावी, 'आंतरग्रंथालयीन देवघेव' अशी. तिच्यात पेटी क्रमांक, पाठवल्याची तारीख, पुस्तकांची संख्या, परत आल्याची तारीख आणि दोन सह्या, एवढे रकाने पुरेत. पहिली पेटी हलायच्या आधी पाचही कार्यकारी मंडळांनी एकाच मजकुराचा ठराव करावा. त्यात सहभागी ग्रंथालयांची नावं, मुदत आणि भरपाईचा नियम असावा. ठरावाची प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. मग तपासणीला आलेल्याला दाखवायला कागद हाताशी असतो.

पेटीत चाळीस पुस्तकं असावीत. तीसपेक्षा कमी असली की चौथ्या आठवड्यात मुलं 'सगळी वाचली' म्हणतात. पन्नासच्या वर गेली की पेटी एका माणसाला उचलत नाही. चाळीसमध्ये 12 चित्रपुस्तकं, 10 मोठ्या टाइपातली 16 ते 24 पानी पुस्तकं, 10 नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी कथा-कादंबऱ्या, 5 विज्ञान-माहितीची आणि 3 कविता किंवा कोड्यांची. अडखळत वाचणाऱ्या तिसरी-चौथीतल्या मुलांसाठी ती मोठ्या टाइपातली दहा पुस्तकं फार महत्त्वाची, आणि पेटी भरताना नेमकी तीच राहून जातात. जाडजूड संक्षिप्त महाभारत, थोर पुरुषांच्या चरित्रमाला आणि सामान्यज्ञानाची पुस्तकं पेटीत घालू नका. ती प्रत्येकाच्या कपाटात आधीच आहेत आणि बहुतेक तशीच कोरी आहेत.

पाच पेट्या, प्रत्येक ठिकाणी आठ आठवडे, म्हणजे चाळीस आठवडे. 15 जूनला सुरू केलं तर मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रत्येक पेटी घरी येते आणि आर्थिक वर्ष संपण्याआधी मोजदादीत सापडते. एप्रिल दुरुस्तीसाठी ठेवा. मे महिन्यात पेट्या फिरवू नका. त्या महिन्यात मुलंच फिरत असतात, त्याबद्दल पुढे.

पेटी पत्र्याची असो की झाकणाच्या प्लॅस्टिक क्रेटची, भरल्यावर दहा-बारा किलोच्या वर जाऊ नये, म्हणजे स्कूटरच्या पायाशी बसते. झाकणाच्या आतून यादी चिकटवा : दाखल क्रमांक, नाव, पानं, किंमत. पाचही ग्रंथालयांचे दाखल क्रमांक एकमेकांत मिसळतात, तेव्हा प्रत्येकाने आपल्या क्रमांकाआधी एक ठरलेलं अक्षर लावावं. देताना-घेताना पुस्तकं यादीवरून मोजायची, अंदाजाने नाही. या कामाला पंधरा मिनिटं लागतात. ती वाचवली की दोन महिन्यांनी हरवलेल्या पुस्तकावरून दोन ग्रंथपालांचं बोलणं बंद होतं.

भरपाईचा नियम साधा ठेवा. एका पेटीमागे वर्षाला दोन पुस्तकांपर्यंतचा तोटा ज्याचं पुस्तक त्याने सोसायचा आणि आपल्या मंडळापुढे रीतसर मांडायचा. त्यापुढे ज्याच्या ताब्यात असताना पुस्तक गेलं त्याने तेच पुस्तक, न मिळाल्यास त्याच गटातलं तेवढ्याच किमतीचं द्यायचं. फाटलेलं पुस्तक हरवलेलं धरायचं नाही, फाटणं म्हणजे वापरणं. ही भीती मोडली नाही तर पेटी येते, टेबलाखाली जाते आणि आठ आठवड्यांनी जशीच्या तशी पुढच्या गावाला निघते. पेटी उघडून पुस्तकं मुलांच्या हाताला येतील अशा फळीवर, मुखपृष्ठं समोर करून लावा. जमिनीपासून तीन फुटांच्या वर नको.

दुरुस्तीत सेलोटेप वापरू नका. वर्षभरात ती पिवळी पडते, सुटते आणि मागे चिकट डाग ठेवते, त्याला पुढचं पान चिकटतं. फाटलेल्या पानाला पातळ टिश्यू कागद आणि खळ लावा, पुठ्ठ्याच्या पाठीला कापडी पट्टी. पातळ चित्रपुस्तकांच्या पिना पावसाळ्यात गंजतात आणि मधलं पान त्याच भोकांतून फाटत जातं. पुस्तक नवं असतानाच पिना काढून दोऱ्याने तीन टाके घालून घ्या. डांबरगोळ्या मुलांच्या पेटीत अजिबात टाकू नका, लहान मूल गोळी तोंडात घालतं. वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा आणि कोकणात असाल तर श्रावणापर्यंत आठवड्यातून एकदा पुस्तकं उभी उघडून पंख्याखाली ठेवा.

प्रश्न : स्टोरीविव्हरवरची मराठी पुस्तकं छापून पेटीत ठेवली तर चालतं का?

उत्तर : चालतं. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावरची पुस्तकं बहुतांशी अशा मुक्त परवान्याखाली आहेत, ज्यात नावं दिली तर छापणं आणि वाटणं दोन्ही मान्य आहे. लेखक, चित्रकार, अनुवादक आणि परवाना यांचं शेवटचं पान कागद वाचवायला गाळू नका. ती परवान्याची अट आहे. पण आधी हिशेब करा. रंगीत छपाई पानाला दहा रुपये धरली तर सोळा पानांचे 160 झाले. त्याहून कमी पैशांत नॅशनल बुक ट्रस्टचं छापील, चांगल्या कागदाचं चित्रपुस्तक मिळू शकतं. गोष्टीच्या तासाला सगळ्या मुलांच्या हातात एकच पुस्तक हवं असेल, तेव्हा काळ्या-पांढऱ्या प्रती काढाव्यात. आणि बालविभागाला निधीच हवा असेल तर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना बघा. तिथे प्रत्येक ग्रंथालयाने आपला वेगळा अर्ज करावा. नोंदणी नसलेल्या 'पाच ग्रंथालयांचा गट' अशा नावाने अर्ज करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या अहवालात बालविभागाच्या कार्यक्रमांची उपस्थिती 900, शेजारच्या ग्रंथालयाची 300. प्रत्यक्षात गर्दी त्यांच्याकडे जास्त असते. आकडे सारखे कसे करायचे?

उत्तर : आकडे नाही, मोजायची रीत सारखी करा. बहुधा तुम्ही शाळेची अख्खी पटसंख्या धरली आणि त्यांनी डोकी मोजली. चार गोष्टी ठरवा. कार्यक्रम सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी एकदाच मोजायचं. चौदा वर्षांपर्यंतची मुलं एका रकान्यात, मोठी माणसं दुसऱ्या. शाळेची सहल म्हणून आलेली मुलं तिसऱ्या. आणि बालसभासद संख्येशेजारी, गेल्या तीन महिन्यांत निदान एक पुस्तक नेलेले किती, हा आकडा लिहायचा. हा शेवटचा आकडा पहिल्या वर्षी बघवत नाही. तरी लिहा, पुस्तकखरेदीचा निर्णय त्यावरच घेता येतो.

प्रश्न : उन्हाळी सुट्टीत 'जास्तीत जास्त पुस्तकं वाचा' स्पर्धा घेतो. पहिल्या आठवड्यात उत्साह, मग गळती. शिवाय सुट्टीत आमची निम्मी मुलं मामाकडे जातात आणि गावात दुसरीच मुलं येतात. (ग्रंथपाल, बालविभाग, सातारा जिल्हा)

उत्तर : स्पर्धेतच गळतीचं कारण आहे. आठ दिवसांत दोन-तीन मुलं पुढे निघून जातात आणि बाकीच्यांना कळतं की आपला नंबर नाही. शिवाय पुस्तकं मोजली की मुलं सगळ्यात पातळ पुस्तक शोधतात. पहिला-दुसरा क्रमांक काढून टाका. पुस्तकांऐवजी दिवस मोजा : वीस मिनिटं वाचलं की कार्डावर एक चौकोन रंगवायचा. मोठ्याने वाचून दाखवलेलं आणि कुणाकडून ऐकलेलंही धरायचं, म्हणजे पाच वर्षांची धाकटी भावंडंही येतात. कार्डावर तीस चौकोन ठेवा. सहा आठवड्यांत ते आरामात भरतात. तीस भरणाऱ्या प्रत्येकाला एक पुस्तक स्वतःसाठी. खर्चाचा अंदाज करताना कार्डं घेतलेल्यांपैकी निम्मी मुलं पूर्ण करतील असं धरा.

मामाकडे जाणाऱ्या मुलांसाठी तालुक्यातल्या, जमल्यास जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी एकच कार्ड छापावं आणि कुठल्याही ग्रंथालयाचा शिक्का त्यावर चालावा. पाहुण्या मुलांची अडचण अनामतीची असते. मंडळाचा ठराव करून मे-जूनपुरती ती माफ करा आणि जामीन म्हणून ज्या घरी मूल उतरलंय तिथल्या सभासदाचा क्रमांक लिहून घ्या. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक द्यावं. परतीची तारीख पंधरा दिवसांची न टाकता 'परत जायच्या आदल्या दिवशी' अशी विचारून टाका. पाहुण्यांची पुस्तकं राहतात ती गाडी पकडायच्या घाईत.

कार्डाची शेवटची तारीख छापताना विदर्भातली ग्रंथालयं सोबत असतील तर जपून. तिथे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, म्हणून तारखेची जागा कोरी सोडून प्रत्येकाने आपला शिक्का मारावा.

प्रश्न : अंगणवाडीच्या मुलांना ग्रंथालयात आणावं की आपण जावं?

उत्तर : आपण जावं. तीन ते सहा वयाची पंधरा-वीस मुलं रस्ता ओलांडून आणणं एकट्या सेविकेला झेपत नाही. वीस मिनिटांत दोन चित्रपुस्तकं आणि मध्ये एक बडबडगीत, याहून जास्त नको. पुस्तक मोठं, निदान वहीच्या दुप्पट आकाराचं. मुलं अर्धवर्तुळात, पहिली रांग हातभर अंतरावर. खिडकी मुलांच्या पाठीशी असू द्या, वाचणाऱ्याच्या पाठीशी असली तर चित्रं काळी दिसतात. दोन ग्रंथालयांनी अंगणवाड्या वाटून घ्या आणि सेविकेला विचारून पोषण आहाराच्या आधीची वेळ धरा. जेवणानंतर निम्मी मुलं पेंगतात.