वाचकांचे प्रश्न : टेप एका ड्राइव्हमध्ये, बॅकअप दुसऱ्यापाशी

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवर एमएचव्हीटीएल (डिस्कवरच्या फाइलींना टेप भासवणारं सॉफ्टवेअर) टाकून एक आभासी टेप लायब्ररी आणि चार एलटीओ-५ (टेपचा एक प्रकार) ड्राइव्ह उभे केले आहेत. बॅकअप बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरमधून घेतो. सर्व्हर रीस्टार्ट झाला की कधीकधी टेप एका ड्राइव्हमध्ये लोड होते आणि बॅक्युला भलत्याच ड्राइव्हपाशी ताटकळतो. शिवाय जुने बॅकअप एक्स्पायर होऊनही डिस्क रिकामी होत नाही.
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : चेंजर (लायब्ररीत टेप हलवणारा भाग) ड्राइव्ह मोजतो ते लायब्ररीतल्या जागेनुसार, शून्यापासून. लिनक्स मात्र एनएसटी-०, एनएसटी-१ ही नावं ड्राइव्ह सापडतील त्या क्रमाने वाटतो. दोन्ही क्रम जुळतीलच असं नाही. म्हणून स्टोरेज डीमनच्या (टेपवर लिहिणारी बॅक्युलाची सेवा) सेटिंग फाइलमध्ये 'आर्काइव्ह डिव्हाइस'पुढे एनएसटी-० लिहूच नका. 'डेव्ह'खालच्या 'टेप', त्यातल्या 'बाय-आयडी' फोल्डरमध्ये प्रत्येक ड्राइव्हची कायमची लिंक असते, ती द्या. त्यातही शेवटी 'एनएसटी' असलेलीच घ्या. दुसरी लिंक वापरली तर काम संपताच टेप आपोआप रिवाइंड होते आणि पुढचा जॉब (बॅकअपचं एक काम) आधीच्या डेटावर लिहिला जाण्याचा धोका राहतो.

कुठली लिंक कुठल्या ड्राइव्हची, हे असं तपासा. स्टोरेज डीमन बंद करा, एमटीएक्स या चेंजर चालवणाऱ्या कमांडने स्लॉट १ मधली टेप ड्राइव्ह ० मध्ये लोड करा आणि एकेका लिंकवर 'एमटी स्टेटस' (ड्राइव्हची स्थिती दाखवणारी कमांड) चालवा. जिच्यावर 'ऑनलाइन' दिसेल, ती ड्राइव्ह ०. बाकीच्यांवर 'डीआर-ओपन', म्हणजे ड्राइव्ह रिकामा, असं येईल. चारऐवजी तीनच लिंक दिसल्या, तर एमएचव्हीटीएलच्या 'डिव्हाइस कॉन्फ' फाइलमध्ये ड्राइव्हचा मजकूर कॉपी करताना सीरियल नंबर किंवा एनएए (ड्राइव्हचा ओळख क्रमांक) बदलायचा राहिला आहे.

आता जागेचं. बॅक्युलात व्हॉल्यूम (म्हणजे एक टेप) 'पर्ज्ड' झाला म्हणजे फक्त कॅटलॉगमधली, म्हणजे बॅक्युलाच्या डेटाबेसमधली, नोंद बदलली. टेपचा डेटा डिस्कवर तसाच पडून असतो आणि टेप पुन्हा सुरुवातीपासून लिहिली जाईपर्यंत तो जात नाही. लगेच जागा हवी असेल तर ती टेप रिवाइंड करून सुरुवातीला 'एमटी वेऑफ' (टेपवर 'इथे संपलं' अशी खूण लिहिणारी कमांड) द्या, कॅटलॉगमधून व्हॉल्यूम काढा आणि बारकोडने नवं लेबल लावा. बारकोड दोनदा ताडून बघा. चुकीची टेप पुसली गेली तर डेटा परत येत नाही.

खरा उपाय टेप लहान ठेवणं हा आहे. एलटीओ-५ ची १.५ टीबी क्षमता इथे पाळायची काहीच गरज नाही. मोठ्या टेपवर एक जॉब जरी मुदतीत उरला, तरी सगळी टेप अडकून पडते. 'एमकेटेप' या एमएचव्हीटीएलच्या टेप बनवणाऱ्या कमांडमध्ये आकार एमबीत द्यावा लागतो, १०० जीबीसाठी १००००० घाला. काहीच बदललं नाही तर मूळ सेटिंग ५०० एमबीचं असतं, मग मोठा जॉब सारखी नवी टेप मागत राहतो. ५ टीबी डिस्कवर अशा ४० टेप पुरेत. सगळ्या टेपच्या आकारांची बेरीज डिस्कच्या पुढे गेली तर डिस्क भरताच ड्राइव्ह राइट एरर देतो आणि जॉब अर्ध्यावर तुटतो.

प्रश्न : कर्नल अपडेटनंतर एमएचव्हीटीएलचे सगळेच ड्राइव्ह गायब झाले.
— एक वाचक, महापे, नवी मुंबई

उत्तर : एमएचव्हीटीएलचं कर्नल मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बिल्ड करा. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर त्यावर सही केल्याशिवाय ते लोड होणार नाही. मात्र एमएचव्हीटीएल चाचणीसाठी आणि शिकण्यासाठी उत्तम आहे. कंपनीचा खरा डेटा असेल तर आम्ही बॅक्युलाला थेट डिस्कवरच्या फाइल व्हॉल्यूमवर लिहू देऊ, आणि त्याची एक प्रत बॅक्युलाच्या कॉपी जॉबने दुसऱ्या इमारतीत पाठवू.