टँकात दीड तास, समुद्रात दोनशे मीटर

"मॅडम, टँकात मी दीड तास न थांबता पोहतो. समुद्रात दोनशे मीटर गेलो की दम कोंडतो, छाती आवळते. माझ्या हृदयात काही आहे, की मी मनानंच कच्चा आहे?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो, आणि विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले असतात. टँकात नेमानं पोहता पोहता एक दिवस ते समुद्रातल्या स्पर्धेला नाव देतात. टँकातला सराव भरपूर, अंगात ताकद आहे, तरीही खुल्या पाण्यात अचानक हातपाय गळतात. मग ते कुणाला सांगत नाहीत. सांगितलं तरी 'खांदा दुखावला होता' असं काहीतरी सांगतात.

ज्यांची गोष्ट मी इथे लिहिते आहे, ते कोल्हापूरचे एक बँक अधिकारी, वय सत्तेचाळीस. ओळख पटेल असे तपशील त्यांच्या संमतीनं बदलले आहेत. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते. तिथे त्यांनी तीन किलोमीटरच्या गटात नाव दिलं होतं. सुरुवात झाली, गर्दीतून वाट काढत ते पुढे गेले आणि थोड्याच वेळात त्यांना श्वास मिळेना. त्यांनी हात वर केला आणि बोटीतल्या मुलांनी त्यांना वर ओढून घेतलं. बोटीत बसल्यावर पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, आणि हेच त्यांना जास्त लागलं. "काही झालंच नव्हतं म्हणजे. उगाच घाबरलो. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस मी, मला पाण्याची भीती?"

त्यांना शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकानं 'मन खंबीर करा, एवढंच कमी पडतंय' असं सांगितलं होतं. मला या सल्ल्याचा राग येतो. मन खंबीर करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे तो सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात लाज तेवढी टाकतो.

माझं पहिलं काम मनाचं नव्हतंच. छाती आवळणं, दम लागणं ही तक्रार घेऊन कुणीही आलं तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. ईसीजी, टूडी एको, ट्रेडमिल टेस्ट, रक्तदाब. पोहणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी आवर्जून विचारते: त्या वेळी खोकला येत होता का, छातीत घरघर होती का, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडली का? पाण्यात असताना काही जणांच्या फुप्फुसात शरीरातलाच द्रव झिरपून साठतो. नाकातोंडात पाणी न जाताही हे घडू शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. अशी लक्षणं दिसली तर धीर धरत बसायचं नाही, ताबडतोब बाहेर यायचं आणि इस्पितळ गाठायचं. या गृहस्थांना त्यातलं काही नव्हतं आणि डॉक्टरांनी पोहायला हरकत नाही असं लेखी दिलं. त्यानंतरच आम्ही बोलायला बसलो.

घाबरलेला माणूस 'अचानक झालं' असंच सांगतो. म्हणून मी त्यांना त्या सकाळचं सगळं सावकाश, क्रमानं सांगायला लावलं. अगोदर काय दिसत होतं? "खाली वाळू दिसत होती. वाळूवरच्या लाटांसारख्या रेघा दिसत होत्या. मग पाणी हिरवं झालं, आणि मग नुसतं गडद." त्या वेळी तुम्ही कुठे बघत होता? "खालीच. तळ परत दिसतोय का ते बघत होतो." आणि श्वास? यावर ते थांबले. आठवत नव्हतं.

मी एक मोठा टब पाण्यानं भरून टेबलावर ठेवला आणि टँकात घालता तसं तोंड पाण्यात घाला म्हटलं. त्यांनी तोंड बुडवलं, संथपणे बुडबुडे आले, मान वळवून श्वास घेतला, पुन्हा बुडबुडे. अगदी सरावाचं काम. काही वेळानं मी बाजूनं हळू आवाजात म्हटलं, "आता वाळू संपली. खाली काही दिसत नाही." बुडबुडे थांबले. खांदे कानाकडे सरकले. त्यांनी मान वळवली, घाईनं तोंडानं हवा ओढली, पुन्हा तोंड बुडवलं आणि पुन्हा एकही बुडबुडा नाही. असं तीन-चारदा झाल्यावर ते झटकन उठून बसले, चेहऱ्यावरचं पाणी तसंच ओघळत. "हेच. तिथं हेच झालं होतं."

माझ्या खोलीत, पंख्याखाली, टबभर पाण्यात तेच घडलं. उच्छ्वास कोंडलेला राहिला की छाती आधीच हवेनं भरलेली असते. भरल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही, तशी नवी हवा आत जात नाही, आणि माणसाला वाटतं हवा मिळत नाहीये. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो मेंदूला 'गुदमरतोय' असा इशारा देतो. माणूस डोकं वर काढतो, डोकं वर गेलं की पाय खाली जातात, तरंगत राहायला जास्त जोर लावावा लागतो, दम आणखी लागतो. भित्र्या माणसाचं आणि धाडसी माणसाचं शरीर इथे सारखंच वागतं. त्यांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग विहिरीत का नाही झालं कधी? तिथंही तळ दिसत नव्हता."

प्रश्न अगदी रास्त होता आणि उत्तर त्यांच्याकडेच होतं. विहिरीत कठडा, पायऱ्या, कपारी, सगळं दोन हातांवर असतं. टँकात पंचवीस मीटरवर भिंत येते, तळाला काळी रेघ असते, भिंतीला पाय लावून ढकललं की क्षणभर विसावा मिळतो. आपण दीड तास सलग पोहतो असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात मिनिटाला एक-दोनदा आधाराला स्पर्श करत असतो. समुद्रात हे सगळे आधार एकदम जातात. वर शेजारच्याचा हात लागतो, लाट तोंडावर येते, आणि स्पर्धा म्हणून सुरुवातच प्रमाणाबाहेर वेगात झालेली असते.

त्यांच्या डोक्यात आणखी एक गाठ होती. पुण्याचे रोहन मोरे 2018 मध्ये सात सागरी खाड्या पोहण्याचं आव्हान पूर्ण करणारे पहिले आशियाई ठरले, ते या गृहस्थांचं दैवत. "ती माणसं एकटी समुद्र पार करतात आणि मला बोटीत चढावं लागलं." म्हणून मी त्यांना त्या सातांपैकीच एक असलेल्या इंग्लिश खाडीचे नियम नीट वाचून यायला सांगितलं. तिथे पोहणाऱ्याला होडीला हात लावता येत नाही हे खरं, पण होडी सतत शेजारी असते, नावाडी मार्ग ठरवतो, निरीक्षक नोंद ठेवतो, ठरावीक वेळानं खाणंपिणं दिलं जातं. एकट्यानं कुणी पोहत नाही. मॅथ्यू वेबनं 1875 मध्ये ती खाडी पहिल्यांदा पार केली तेव्हाही सोबत होडी होती, आणि त्यानं सगळं अंतर ब्रेस्ट स्ट्रोकनं, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत कापलं, 21 तास 45 मिनिटं. भारताच्या आरती साहा 1959 च्या ऑगस्टमध्ये खाडी पुरी न करताच बाहेर आल्या आणि 29 सप्टेंबरला त्यांनी तीच खाडी पार केली. वेबचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. फ्रीस्टाइल सोडून ब्रेस्ट स्ट्रोकवर आलो म्हणजे हरलो, असं ते मनाशी धरून बसले होते. लाटेत डोकं वर ठेवून चार हात ब्रेस्ट स्ट्रोक मारले असते तर त्या दिवशी श्वास कदाचित जागेवर आला असता.

पुढचं काम आम्ही पायऱ्यापायऱ्यांनी केलं. शून्य ते दहा असा भीतीचा आकडा लावायचा, कमी आकड्यापासून सुरू करायचं, आणि भीती चढलेली असताना पळून यायचं नाही. ती उतरायला लागेपर्यंत तिथेच थांबायचं. भीती शिगेला असताना आपण बाहेर पडलो तर 'बाहेर पडलो म्हणून वाचलो' एवढंच मेंदू शिकतो. पहिल्यांदा टँकात भिंतीला न शिवता मधूनच वळायचं, मग डोळे मिटून सहा-सात हात मारायचे. मग सकाळी राजाराम तलावावर, नेहमी येणाऱ्या पोहणाऱ्यांच्या सोबतीनं. शेवटी मालवणला, स्पर्धा नसताना, माहितगार कोळी आणि त्याची होडी बरोबर घेऊन. तिथे पोहायचं नव्हतंच. वाळू दिसेनाशी होते तिथवर जायचं, पाठीवर उताणं व्हायचं आणि लांब उच्छ्वास सोडत पडून राहायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे तलावापेक्षा तिथे शरीर जास्त सहज तरंगतं. हे त्यांना माहीत होतं, पण अंगाला अजून पटलेलं नव्हतं.

मला सगळ्यात अवघड वाटला तो भाग सुरक्षिततेचा. कंबरेला बांधलेला भगवा फुगा, शेजारची होडी, किनाऱ्यावरचा जाणकार माणूस ही खरी खबरदारी. ती कधीही सोडायची नाही. पण हे गृहस्थ दर थोड्या वेळानं फुगा ओढून बघायचे, घड्याळात हृदयाचे ठोके बघायचे, होडीवाल्याला 'किती राहिलं?' विचारायचे. हे वरून खबरदारीसारखंच दिसतं, पण दर वेळी त्यातून मनाला एकच निरोप जातो की धोका आहे, तपासत राहा. आम्ही घड्याळावर चिकटपट्टी लावली. फुगा राहिला, त्याला हात लावणं बंद झालं. 'किती राहिलं'च्या जागी दर तीस हातांनी डोळे पाण्यावर काढून एक ठरलेली खूण बघायची, दिशा तपासायची आणि पुन्हा उच्छ्वासाकडे लक्ष द्यायचं.

त्यांच्या पत्नी एका सत्राला आल्या होत्या. "मॅडम, ह्यांना सांगा की. काय पोहायचंय ते टँकात पोहा की! या वयात समुद्र कशाला पाहिजे?" मी त्यांना गप्प बसवलं नाही. नवऱ्याला बोटीत घालून आणलेलं त्यांनी किनाऱ्यावरून पाहिलं होतं, त्यांची भीती खोटी नव्हती. मी त्यांना इतकंच विचारलं, की कोणत्या अटींवर तुम्हाला रात्री झोप लागेल? त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितल्या. एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही, वर्षातून एकदा हृदयाची तपासणी, आणि जून ते सप्टेंबर समुद्र पूर्ण बंद. यातली एकही अट मला जाचक वाटली नाही. त्या गृहस्थांनाही वाटली नाही.

पुढच्या डिसेंबरात त्यांनी तीन किलोमीटरऐवजी दोनचा गट घेतला, हा निर्णय त्यांचाच. गर्दी पुढे जाऊ दिली आणि मागून सुरुवात केली. वाळू संपली तिथे भीती आली, ती येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. ते उताणे झाले, होडीवाल्याला ठरलेली खूण केली, काही लांब उच्छ्वास सोडले, ब्रेस्ट स्ट्रोकवर थोडं अंतर काढलं आणि मग फ्रीस्टाइल धरली. शर्यत पुरी केली. आता त्यांना तीनचा गट करायचा आहे. भीतीचा आकडा त्या जागी चारवर येतो म्हणाले, कधी पाच. तेवढ्यावर पोहता येतं.