पहिली नोकरी कॅथ लॅबमध्ये घ्यावी का?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला आहे. हृदयविकार विभागातच काम करायचं, हे तिचं पक्कं आहे. एका खासगी रुग्णालयानं परीक्षा झाली की थेट कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागात, घेतो म्हणून सांगितलंय. पण तिथं एक्स-रेचे किरण असतात, उद्या लग्न, मूलबाळ यात अडचण येईल असं तिच्या आईला वाटतं. शिवाय हे काम नर्सचं की टेक्निशियनचं? पुढे कोणता कोर्स करावा?
– एक पालक, सांगोला

उत्तर : कॅथ लॅबमध्ये जरूर जाऊ द्या, पण पहिली नोकरी तिथं नको. आधी वर्ष-दीड वर्ष आयसीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, काढू द्या. त्याच रुग्णालयाला तसं विचारून बघा. सहसा नाही म्हणणार नाहीत, आयसीसीयूत सिस्टर कायम कमीच पडतात.

टेक्निशियनचा अभ्यासक्रम वेगळा आणि कामही वेगळं. तो यंत्र, प्रेशरचे आलेख आणि रेकॉर्डिंग सांभाळतो. नर्सकडे औषधं, निर्जंतुक ट्रॉली आणि टेबलावरचा माणूस. लहान लॅबमध्ये ही कामं एकमेकांत मिसळतात, तेव्हा आपलं काम कोणतं हे तिनं पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

आयसीसीयूचा आग्रह का, ते सांगतो. साधी अँजिओप्लास्टी तासाभरात आटोपते. नर्सची खरी परीक्षा पुढच्या सहा तासांत असते, आणि तेव्हा रुग्ण लॅबमध्ये नाही, आयसीसीयूत असतो.

जांघेतून प्रोसिजर झाली असेल तर धमनीत बहुधा 6 फ्रेंचची, म्हणजे साधारण 2 मिलिमीटर पोकळीची शीथ (आत शिरण्यासाठी ठेवलेली नळी) असते. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा असर उतरल्याशिवाय ती काढत नाहीत. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) 150 ते 180 सेकंदांच्या खाली आलेला लागतो. नेमका आकडा त्या त्या रुग्णालयाच्या प्रोटोकॉलमध्ये असतो. शीथ काढल्यावर दाब कातडीवरच्या छिद्रावर द्यायचा नाही, त्याच्या बोट-दोन बोटं वर द्यायचा. सुई तिरकी जात असल्यामुळे धमनीतलं छिद्र वरच्या बाजूला असतं. नवीन मुली हमखास छिद्रावरच गॉज दाबून धरतात. बाहेर रक्त दिसत नाही, आत मात्र रक्ताची गाठ वाढत जाते. दाब 15 ते 20 मिनिटं, मध्येच उचलून न बघता. याच वेळी काही रुग्णांची नाडी एकदम 40 वर येते, बीपी कोसळतो, घाम फुटतो. म्हणून शीथला हात लावण्याआधी सलाईनची लाइन चालू, मॉनिटर लावलेला आणि नाडी वाढवणारं ॲट्रोपिन लेबल लावून जवळ तयार हवं. शीथ कुठे डॉक्टर काढतात, कुठे प्रशिक्षित सिस्टर.

त्यानंतर पहिला तासभर दर 15 मिनिटांनी, मग अर्ध्या तासानं नाडी, बीपी, जांघ आणि पावलावरची नाडी बघायची. गाठ दिसली तर तिच्या कडेनं पेनानं रेघ ओढायची, म्हणजे पुढच्या ड्युटीला ती वाढली की नाही ते कळतं. पाय 4 ते 6 तास सरळ. खोकला आला तर जांघेवर हात दाबून धरायला रुग्णाला आधीच शिकवून ठेवायचं.

सगळ्यात फसवं दुखणं म्हणजे कंबरेचं. पट्टी कोरडी असते, रुग्ण म्हणतो कंबर भरून आलीय, आणि झोपून झोपून दुखत असेल म्हणून सिस्टर उशी देते. त्याच वेळी नाडी वाढत आणि बीपी उतरत असेल तर पोटामागे रक्तस्राव होत असू शकतो. उशी नंतर, डॉक्टरांना फोन आधी. ही नजर वॉर्डातच तयार होते.

मनगटातून केलेल्या प्रोसिजरला झोपून राहावं लागत नाही, म्हणून ती सोपी वाटते. तिथं दाबासाठी बांधलेल्या बँडमध्ये साधारण 13 ते 18 मिली हवा भरतात. रक्त येऊ नये म्हणून जास्त आवळला तर ती धमनी कायमची बंद पडू शकते. त्याच हाताच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावून करंगळीच्या बाजूची धमनी दाबायची. पडद्यावर नाडीची लाट राहिली तर रक्त वाहतंय. लाट गेली तर थोडी थोडी हवा काढायची.

एक गणित तिला आजच घाला : 50 मिलीत 4 मिलिग्रॅम नोरॲड्रेनॅलिन (बीपी वाढवणारं औषध), रुग्ण 60 किलोचा, डोस 0.1 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. सिरिंज पंप किती मिलीवर लावायचा? उत्तर ताशी 4.5. कॅल्क्युलेटर चालेल, पण सूत्र शोधावं लागत असेल तर सराव कमी पडतोय.

आता किरणांचं. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाची किरणांच्या डोसची मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात 30. गरोदरपण कळवल्यानंतर गर्भासाठी 1 मिलिसिव्हर्ट. बहुतेक ठिकाणी तेव्हा ड्युटी वॉर्डात बदलून देतात. त्यामुळे लग्न-मूलबाळाची भीती काढून टाका, मात्र शिस्तीत सूट नको. लेड ॲप्रन, थायरॉइड कॉलर, आणि ॲप्रनच्या आत छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला. किरणांच्या उगमापासून अंतर दुप्पट केलं की डोस साधारण चौथाई होतो, म्हणून शूटिंगच्या (एक्स-रे चित्रीकरणाच्या) वेळी दोन पावलं मागे सरकायची सवय लावायची. बॅज लॉकरमध्ये ठेवून काम करणारे कमी नाहीत. त्यांचा अहवाल कायम छान येतो! किरणांपेक्षा ॲप्रनच्या ओझ्यानं कंबर धरते, ही तक्रार जास्त ऐकू येते.

कोर्सचं थोडक्यात. भारतीय नर्सिंग परिषदेचा कार्डिओथोरॅसिक नर्सिंगमधला पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा असतो. त्याला नोंदणी आणि कामाचा अनुभव लागतो, म्हणजे आयसीसीयूचं वर्ष इथंही उपयोगी पडतं. शिकवायची आवड असेल तर दोन वर्षांचं एम.एस्सी.; दिल्लीच्या एम्समध्ये हृदयविकाराची स्वतंत्र शाखा आहे. सरकारी नोकरी हवी असेल तर एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेला बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अट नाही, तेव्हा तयारी आत्ताच सुरू करावी. बीएलएस आणि एसीएलएस (जीव वाचवण्याचे प्राथमिक आणि प्रगत कोर्स) मात्र नोकरी लागल्याबरोबर करून टाकावं.

मुलाखतीत तिनं तीन गोष्टी विचाराव्यात : एका ड्युटीत एका सिस्टरकडे किती रुग्ण, टीएलडी बॅज माझ्या नावानं मिळेल का, आणि बाँड किती महिन्यांचा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला मागितली तर साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद घरीच राहू द्या.