‘भंगचूर्ण’ की ‘भंगमाती’?

भूकंपावरच्या लेखाचं भाषांतर करणाऱ्या एका मित्रानं विचारलंय : प्रस्तरभंगाच्या, म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात अशा खडकातल्या भेगेच्या, फटीत सापडणाऱ्या भरडलेल्या मऊ थराला, ‘फॉल्ट गाउज’ला, ‘भंगचूर्ण’ म्हटलं तर चालेल का?

माझं मत, नको. दोन बाजू घासून खडक भरडला जातो, म्हणून चूर्ण सुचणं साहजिक आहे. पण चूर्ण म्हटलं की त्रिफळा चूर्ण आठवतं : कोरडं, आणि मूळ पदार्थाचीच पूड. गाउज बहुधा ओला असतो आणि पाणी मुरून त्यातली खनिजंच पालटलेली असतात. ‘गाउज’ हा इंग्रजी शब्द खाणीतला आहे. हत्यारानं सहज उकरता येणारा मऊ थर तो गाउज.

फरक नुसता शब्दांचा नाही. ग्रॅनाइट कितीही बारीक दळला तरी त्याचा घर्षणगुणांक, म्हणजे सरकायला होणाऱ्या रोधाचं माप, ०.६च्या आसपास राहतो. मातीच्या खनिजांचे मात्र पापुद्रे असतात. पाण्यानं ओले झाले की ते एकमेकांवरून सरकतात. कॅलिफोर्नियात पार्कफील्डजवळ सॅन अँड्रियास प्रस्तरभंगातून २००७मध्ये सुमारे २.७ किलोमीटर खोलीवरचे नमुने काढले. त्या मातीचा गुणांक जेमतेम ०.१५ भरला. तिथे भंग मोठा धक्का न देता संथपणे सरकत राहतो. मातीतलं मुख्य खनिज सॅपोनाइट, आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीतल्या स्मेक्टाइट या माती-खनिजांच्या गटातलंच. त्याचं नाव लॅटिन ‘सापो’वरून आलं, आपला ‘साबण’ही त्याच कुळातला!

आणि आपल्याकडे ‘चिकण’ हा सुंदर शब्द आहेच. पुष्कळजण त्याला ‘चिकट’चा भाऊ समजतात. पण संस्कृत ‘चिक्कण’ म्हणजे गुळगुळीत, निसरडं. चिकणी सुपारी आठवा. भूवैज्ञानिकांनी प्रयोगशाळेत मोजलं ते या शब्दात आधीपासून आहे.

म्हणून सर्वसाधारण गाउजला ‘भंगमाती’ म्हणावं, ती ओली-कोरडी दोन्ही असू शकते. मातीची खनिजं भरपूर असतील तिथे ‘चिकण भंगमाती’.

एक जपावं. चिकणमाती असली की भूकंप टळतो, असा अर्थ वाक्यातून निघू देऊ नये. २०११च्या तोहोकू भूकंपात जपानजवळच्या सागरी गर्तेपाशी भंग सुमारे ५० मीटर सरकला आणि प्रचंड त्सुनामी आली. तिथल्या पातळ थरातही स्मेक्टाइटच विपुल होतं. वेगानं घासताना माती तापते, तिच्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि उरलासुरला अडसरही जातो. तेव्हा ‘चिकण भंगमातीमुळे प्रस्तरभंग सुरक्षित होतो’ असं न लिहिता ‘चिकण भंगमातीमुळे प्रस्तरभंगाचा घर्षणरोध घटतो’ असं लिहावं.